शिंप्याची दोन बोटं

आमच्या चाळीतल्या शिंप्याचं नाव खराब झालं ते माझ्या छातीमुळे. नाव म्हणजे काय, तर एवढंच की वीस वर्षांत त्याच्या मशीनवरून उतरलेला एकही कपडा माप चुकलं म्हणून परत आला नव्हता. त्या माणसाकडे दुसरं काही नव्हतंच. बायको कधीच गेलेली, मूलबाळ नाही. जिन्याखालची खोली, तिच्यात एक पायमशीन, आणि ही शेखी. ती मी धुळीला मिळवली. कशी ते सांगतो, पण आधीच बजावून ठेवतो, यात मी शूरवीर वगैरे ठरण्याचा प्रसंग कुठेही येत नाही. तसलं वाचायची ज्यांना हौस असेल त्यांनी दुसरं काहीतरी घ्यावं.

घाटकोपर तेव्हा नुकतंच मुंबईत आलं होतं, म्हणजे कागदावर. आमच्या नळाला ते अजून कोणी कळवलं नव्हतं. आग्रा रोडच्या बाजूला आमची दुमजली चाळ. बिऱ्हाडं झाडून सगळी कोकणातली. बापईमाणसं कुर्ल्याच्या गिरणीत, नाहीतर कुठल्यातरी हापिसात शिपाई. माझे वडील गिरणीत साचे चालवायचे. मी थोरला, म्हणजे ज्याच्याकडे सगळे डोळे लावून बसलेले असतात तो. मी दोनदा मॅट्रिकला बसलो आणि दोन्ही वेळा गणिताने मला उठवलं. तिसऱ्यांदा बसायला वडील तयार होते, गणितही तयार होतं, मीच तयार नव्हतो.

शेवटी ओळखीने मुलुंडला एका लाकडाच्या वखारीत चिठ्ठ्या लिहायचं काम मिळालं. कुठली लॉरी आली, तिच्यात साग किती, जळाऊ किती, एवढं लिहायचं आणि दिवसभर भुसा खायचा. तिथेच मला लॉरीची बाधा झाली. मुलुंडच्या निर्वासितांच्या वस्तीतला एक सरदारजी आमच्याकडे माल घेऊन यायचा. लढाई संपल्यावर लष्कराने मोडीत काढलेली एक लॉरी त्याने घेतली होती आणि तिला भडक लाल रंग फासला होता. दाराच्या कडेला नखाने खरवडलं की खालून लष्करी हिरवा दिसायचा. सरदारजी स्वतःही लढाईत फौजेची लॉरी हाकून आलेला. त्याला सगळे उस्ताद म्हणायचे, म्हणून मीही म्हणायला लागलो.

एके दिवशी उस्तादाच्या मनात काय आलं कोण जाणे. मला म्हणाला, "चल काके, आज तू अंदर ले." वखारीच्या फाटकापासून मागच्या शेडपर्यंत, पहिल्या गिअरमध्ये. शंभर पावलं असतील नसतील. पण एवढं मोठं धूड माझ्या पायाच्या इशाऱ्यावर हलत होतं हो! घरात माझं कोणी ऐकत नव्हतं, शाळेत ऐकलं नव्हतं, ही बया ऐकत होती. शेडपाशी ब्रेक दाबला आणि ओंडक्यांच्या ढिगाच्या वीतभर अलीकडे ती थांबली. खाली उतरलो तेव्हा तोंड मिटत नव्हतं. इतका आनंद मला त्याआधी झाला नव्हता. नंतरही फार वेळा झाला नाही.

त्या संध्याकाळी घरी येऊन सांगितलं, मला लॉरीवर जायचंय. वडिलांनी ताटावरून हात काढला.

"ड्रायव्हर? अरे, पोरगी कोण देईल तुला? लॉरीवाले कसे असतात माहीत आहे ना? दारुडे साले!"

दारूबंदीचे दिवस होते, दारुडा व्हायचं म्हटलं तरी खटपट करावी लागायची. पण वडिलांना ते कोण सांगणार? आईने फक्त विचारलं, "लॉरीत जेवायचं कुठे?" तिच्या दृष्टीने कुठल्याही धंद्याची परीक्षा तीच होती.

वडिलांनी हा घरचा तंटा गॅलरीत नेला. आमच्याकडे गॅलरीत गेलेली गोष्ट चाळीची व्हायची. वरच्या मजल्यावर एक रिटायर कारकून राहायचे, ते चाळीच्या कमिटीचे सेक्रेटरी होते. त्यांना कोणी निवडलं होतं हे कोणालाच आठवत नव्हतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि निकाल दिला, "पोराला लष्करात घाला. लॉरी चालवायचीय ना त्याला? सरकार फुकट शिकवेल. वर बूट देईल, कांबळं देईल, पेन्शन देईल."

आणि काय सांगू, वडिलांचा चेहरा खुलला! म्हणजे बघा, तीच लॉरी, तोच गिअर, तोच आग्रा रोड. मुलुंडच्या नाक्यावर मी ती चालवली तर घराण्याला बट्टा, आणि खाकी घालून चालवली तर चाळीची मान ताठ. तेव्हा मला यात काही विनोदी वाटलं नाही. मला लॉरी हवी होती, आणि वडिलांनी गिरणीत मान वर करून माझं नाव घ्यावं हेही हवं होतं. लष्करात दोन्ही एकदम मिळत होतं. आणि मी एकोणीस वर्षांचा होतो, म्हणजे अक्कल यायची होती.

उस्तादाला सांगितलं तर तो टायरवर बसून पोट धरून हसला. "फौज में गड्डी चलाएगा तू? ओए, फौज तेरे को चलाएगी." मग गंभीर होऊन म्हणाला, बरी असते फौज, रोटी वेळेवर मिळते, फक्त कुठे जायचं ते आपण ठरवायचं नाही. मला वाटलं, हातातला चिठ्ठ्या लिहिणारा जातोय म्हणून हा जळतोय. तो मुळीच जळत नव्हता.

दोन महिने मी हे तोलत होतो, म्हणजे चाळ तोलत होती आणि मी मधे लोंबकळत होतो. नळावर बायका, गॅलरीत पुरुष. एक म्हणे, काश्मीरला पाठवतील, बोटं झडतात थंडीने. दुसरा म्हणे, झडली तर झडली, पेन्शन तर मिळतं. कोणाचा तरी मावसभाऊ पलटणीत होता, तो सुट्टीवर आला की डब्यातलं मटण आणायचा म्हणे. या मटणाने बरीच मतं लष्कराच्या बाजूला वळली. आईचं एकटीचं मत विरुद्ध होतं, पण ती ते भाकऱ्या थापताना सांगायची, त्यामुळे कोणाला ऐकू जायचं नाही.

मग सेक्रेटरी बातमी घेऊन आले. भरतीला छाती लागते. साधी बत्तीस इंच आणि फुगवून चौतीस, एक केसही कमी चालत नाही. सगळी गॅलरी माझ्याकडे बघायला लागली. मी सदऱ्याची गुंडी लावली. "शिंप्याला बोलवा!" सेक्रेटरी म्हणाले.

शिंपी वर आला, गळ्यात टेप, कानावर खडू. त्याची माप घेण्याची एक तऱ्हा होती. टेप लावला की आपली दोन बोटं तो टेप आणि अंगाच्या मधे सरकवायचा आणि मगच आकडा वाचायचा. कोणी विचारलं तर म्हणायचा, "माणूस जेवता, हसता, रडता. कापडात तेका जागा नको?" त्या दोन बोटांमुळेच त्याचे कपडे परत येत नव्हते. पुरणपोळीचं जेवण जेवून उठलेला माणूससुद्धा त्याच्या सदऱ्यात मावायचा. अख्ख्या चाळीला ही दोन बोटं ठाऊक होती.

पहिल्या दिवशी माझी छाती फुगवून साडेबत्तीस भरली. गॅलरीतून एकच हाय निघाली. लगेच कमिटीने छातीचा कार्यक्रम हाती घेतला. सकाळी पन्नास दंड. वरच्या मजल्यावरून एक कच्चं अंडं, खालच्यावरून पेलाभर दूध, ते कोणी द्यायचं त्याच्या पाळ्या लागल्या. सेक्रेटरी मला कठड्याशी उभं करून श्वास रोखायला लावायचे आणि स्वतः मोठ्याने आकडे मोजायचे. त्यांचीच धाप लागायची. दर रविवारी शिंपी यायचा. मी हात वर करून, डोळे मिटून, गाल फुगवून उभा राहायचो. टेप काखेत असा करकचून रुतायचा की डोळ्यांत पाणी यायचं. मला वाटायचं, छाती वाढतेय म्हणून रुततोय. मग शिंपी आकडा म्हणायचा आणि तो मजल्या-मजल्यावरून पुढे जायचा. तेहतीस. सव्वातेहतीस. आणि एका रविवारी, "चौतीस!" माझ्या मॅट्रिकच्या निकालाला कधी वाजल्या नव्हत्या इतक्या टाळ्या वाजल्या.

भरतीचा दिवस ठरला आणि सेक्रेटरींनी आदल्या संध्याकाळी माझा सत्कार ठेवला. आता कोणीही म्हणेल, अहो, भरती तर होऊ द्या! पण त्यांचं म्हणणं, घेतलेल्या पोरांना तिथूनच परस्पर रवाना करतात, मग सत्कार काय रिकाम्या खुर्चीचा करायचा? आणि घेणार नाहीत हा विचार एकाच्याही डोक्यात आला नाही, कारण छाती शिंप्याने मोजली होती. त्याचं माप चुकत नसे.

मग काय, सतरंज्या अंथरल्या, कांदाभजी झाली, चहा झाला. सेक्रेटरींनी भाषणात मला शूर म्हटलं, छातीचा कोट म्हटलं, आणि या चाळीच्या मातीतून वीर निघाला असं म्हटलं. चाळीत माती फक्त मोरीत होती. वडील पहिल्या रांगेत बसले होते. गिरणीतल्या चार सोबत्यांना त्यांनी मुद्दाम आणलं होतं, आणि भाषण चालू असताना ते त्या चौघांच्या तोंडाकडे बघत होते, माझ्याकडे नाही. आई दाराआड. शेवटी शिंपी उठला, कागदात बांधलेली एक घडी माझ्या हातात दिली. खाकी सदरा, त्याने स्वतःच्या कापडातून शिवलेला. "सरकार देयत तो देयत. ह्यो माझो," म्हणाला आणि लाजून खाली बसला. मला रडू आलं. लोकांना वाटलं, आई-बापाला सोडून जाणार म्हणून रडतोय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुलाब्याला भरतीच्या आवारात उभा. चड्डीवर, शंभरेक पोरांच्या रांगेत. घाटावरची पोरं होती, कोकणातली होती, कोणी अनवाणी दोन दिवस प्रवास करून आलेले. वजन झालं. ओल्या तळव्यांनी फरशीवर चालवून पाय सपाट आहेत का बघितलं. मग एक मिशाळ हवालदार टेप घेऊन आला. "सांस खींचो." ओढला. त्याने टेप आवळला, वाचला, लिहिणाऱ्याला ओरडून सांगितलं, "चौंतीस! ठीक."

हो, चौतीस. बरोबर वाचलंत तुम्ही. मी पास झालो.

कपडे चढवल्यावर माझ्या हातात एक चिठ्ठी दिली, तिच्यावर उंची, वजन, छाती लिहिलेली. ती घेऊन टेबलापाशी जायचं आणि सही करायची. टेबलावरच्या बाबूने विचारलं, कशात जाणार? मी छाती अजून फुगलेलीच ठेवून म्हटलं, "ड्रायव्हर."

"ड्रायव्हर की जगह नहीं है. पैदल."

"पण लॉरी..."

"लॉरी में बैठ के जाएगा ना," तो म्हणाला आणि शेजारचा हसला. "सात साल. इधर साइन करो."

सात वर्षं पायी. माझ्या पुढच्या पोराने अंगठा उठवला आणि तो शाईचा अंगठा कपाळाला लावला, इतका तो खूश होता. मी टाक हातात घेतला. दौतीत बुडवला. आणि म्हणालो, "पाणी पिऊन येतो."

पाण्याची टाकी फाटकाजवळ होती. मी टाकीपाशी गेलो, फाटकापाशी गेलो, फाटकाबाहेर गेलो. लॉरी मिळत नव्हती म्हणून निघालो, असं मी स्वतःला कित्येक वर्षं सांगत आलो. ते अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं असं की माझी टरकली होती. सही करायच्या त्या क्षणी मला कळलं, आता खरंच जायचंय. गॅलरीतल्या टाळ्या इथे नाहीत, इथे कोणीतरी बंदूक हातात देणार आणि समोरही कोणीतरी बंदूक घेऊनच असणार. हे मला आधी का नाही कळलं म्हणाल, तर अंडी आणि दूध पिण्यात वेळच मिळाला नाही.

समुद्राच्या कठड्यावर दुपारपर्यंत बसलो. खिशातली चिठ्ठी काढली, चौतीसचा आकडा परत एकदा बघितला, आणि तिचे तुकडे करून पाण्यात टाकले. घरी जाऊन काय सांगायचं? घाबरून पळून आलो म्हटलं तर वडिलांना गिरणीत तोंड दाखवायला जागा नाही. त्या चौघा सोबत्यांनी भजी खाल्लेली. पण त्यांनीच घेतलं नाही म्हटलं, तर त्यात बिचाऱ्या पोराचा काय दोष? एवढा हिशेब मला जमला. मॅट्रिकला हाच जमला असता तर ही पाळीच आली नसती.

संध्याकाळी चाळीत शिरलो तेव्हा गॅलरीतली सत्काराची पताकाही उतरलेली नव्हती. सगळे जमले. वडील जिन्यातच उभे राहिले.

"छाती कमी भरली," मी म्हणालो. "अर्धा इंच."

मग वडील म्हणाले, "अरे, पण शिंप्याने तर चौतीस..." आणि थांबले. त्यांचे डोळे मोठे झाले. त्यांनी आपला हात वर केला आणि दोन बोटं बघितली. "दोन बोटं! अरे देवा, त्याने बोटं घातली असणार टेपात! आपल्या सवयीने!"

सगळ्या गॅलरीला एकदम उजेड पडला. दोन बोटं! इतकी साधी गोष्ट आणि कोणाच्या लक्षात कशी आली नाही? बोटांची जाडी म्हणजे अर्धा इंच सहज. सेक्रेटरींनी तर कागदावर गणित करून दाखवलं. वडिलांनी मला विचारलं, "असंच झालं ना रे?"

शिंपी गर्दीच्या मागे उभा होता. गळ्यात टेप होता. तो माझ्याकडे बघत होता, रागाने नाही, नुसता बघत होता, मी काय म्हणतो ते ऐकायला. मी शिंप्याचं नाव घेतलं नव्हतं हो, देवाशपथ. माझ्या डोक्यातही नव्हतं. वडिलांनी ते आयतं पुढे आणून ठेवलं होतं, आणि त्यांच्या तोंडावर इतकी सुटका दिसत होती की मी मान डोलावली.

बस. एवढंच केलं मी, मान डोलावली.

आईने त्या दिवशी शिरा केला. कसला आनंद झालाय असं कोणी विचारू नये म्हणून तिने साखर कमी घातली.

त्यानंतर शिंप्याची जी वाट लागली ती मी डोळ्यांनी बघितली. आधी थट्टा सुरू झाली. तो जिन्यातून जायला लागला की पोरं दोन बोटं वर करायची. मग कोणाची तरी चोळी दंडाला घट्ट झाली. ती बाई बाळंतपण करून माहेराहून आली होती, पण चोळी परत गेली. वीस वर्षांतला पहिला परत आलेला कपडा. मग रीघच लागली. कोणाला सदरा लांब वाटायला लागला, कोणाला लेंगा आखूड. तोच लेंगा वर्षभर वापरलेला! लोक गल्लीतल्या कापडवाल्याकडची गजपट्टी आणून त्याचा टेप तपासायचे. एकदा त्याने स्वतःच सगळ्यांसमोर टेप गजाला लावून दाखवला, केसाचाही फरक नव्हता. सेक्रेटरी म्हणाले, "टेप बरोबर आहे हो, बोटांचं काय?" सगळे हसले. मीही हसलो. न हसून कसं चाललं असतं?

लग्नसराईत त्याच्याकडे एक कापड आलं नाही. चाळ स्टेशनजवळच्या नव्या टेलरकडे जायला लागली. तो कपडे घट्ट शिवायचा आणि त्याला फिटिंग म्हणायचा.

आणि माझं काय? माझी चंगळ झाली. लष्करानेच नाकारलं म्हटल्यावर वडिलांनी कपाळाला हात लावला आणि म्हणाले, "जा, मर त्या लॉरीवर." मी उस्तादाकडे गेलो. तो म्हणाला, "आ गया फौजी?" आणि हातात फडकं दिलं. वर्षभर मी क्लीनर होतो. टायर बदलले, रेडिएटरात पाणी भरलं, घाटात चाकामागे दगड लावले. मग लायसन निघालं. ज्या दिवशी आग्रा रोडवर चौथा गिअर टाकून मी भांडुप मागे टाकलं त्या दिवशी मला वाटलं, झकास! देवाने मला याचसाठी घडवलंय. देवाचं ठाऊक नाही, पण माझं लायसन शिंप्याच्या अब्रूवर निघालं होतं, आणि हे माहीत असणारा मी एकटाच होतो. निदान मी तसं समजत होतो. रोज ठरवायचो, आज सांगू. मग जिन्याखालून जाताना दिव्याशी वाकलेली त्याची पाठ दिसायची आणि मी दोन-दोन पायऱ्या एकदम चढायचो. घाटात ब्रेक फेल झाला तेव्हा मी इतका घाबरलो नव्हतो.

तीन वर्षांनी शिंप्याने गाशा गुंडाळला. गावी जातो म्हणाला. मशीन भाऊच्या धक्क्यापर्यंत न्यायची होती, तिथून बोटीने पुढे. वडील मला म्हणाले, "सोड रे त्याला लॉरीतून. कसा का असेना, चाळीतला माणूस आहे." किती मोठं मन, नाही?

सकाळी मशीन, एक ट्रंक, एक वळकटी मागे चढवली. शिंपी केबिनमध्ये माझ्या शेजारी बसला. मी अंगात खाकी सदरा घातला होता. ड्रायव्हरला खाकी लागते आणि माझ्याकडे चांगला तोच होता. त्याचा होता हे मी विसरूनच गेलो होतो, इतका तो अंगचा झाला होता. सायन मागे गेलं तेव्हा त्याने कॉलर दोन बोटांत धरून बघितली.

"शिवण उसवली नाय खंय," तो म्हणाला.

मला दरदरून घाम सुटला. परळ आलं, भायखळा आलं. प्रत्येक चौकात मी तोंड उघडत होतो आणि गिअर बदलत होतो.

धक्क्यावर हमालांनी मशीन उतरवली. बोटीला अजून वेळ होता. मी म्हटलं, "काका, मला तुम्हाला एक सांगायचंय."

"हात वर कर," तो म्हणाला.

त्याने गळ्यातला टेप काढला होता. भर धक्क्यावर, हमाल, कोळणी, उतारू सगळे बघत असताना मी हात वर केले. टेप काखेत रुतला, तसाच, करकचून. "श्वास घे. अजून. हां." त्याने वाकून वाचलं. "पस्तीस. लॉरीवर खाऊन वाढलंस. तेव्हा चौतीस होती. तुझ्या मापाला मी बोटं घातली नव्हती. पलटणवाले टेप आवळून धरतात, ते माका ठाऊक नाय?"

मी हात खाली घ्यायचेही विसरलो. "म्हणजे तुम्हाला पहिल्या दिवसापासून..."

"माप माझं होतं. माझ्याशिवाय कोणाला ठाऊक असणार?"

"मग बोलला का नाहीत? तीन वर्षं, काका!"

त्याने टेप बोटाभोवती गुंडाळला, हळूहळू, टोकापर्यंत. "तुझ्या बापसाने माका खोटा म्हटलं, ते त्याला पचलं. तुका खोटा म्हणावं लागलं असतं तर त्याच्या घशाखाली घास उतरला नसता. गिरणीतली माणसं आणलेली त्याने." मग माझ्याकडे बघितलं. "एकच गोष्ट सलते बघ. भियालंस तर भियालंस, एवढ्याशा पोराने भिऊ नये तर काय करावं? पण तसाच धावत माझ्याकडे येऊन सांगितलं असतंस, की काका, वाचवा, तर माप चुकलं म्हणून मीच चाळीला सांगितलं असतं रे. माझ्या तोंडाने. तू विचारलंस कित्या नाय?"

बोटीचा भोंगा झाला. त्याने वळकटी काखेत मारली आणि फळीवरून चढून गेला. मी त्याच्या पाया पडायचं म्हणून वाकलो होतो, पण तोवर तो पुढे गेला होता.

रिकामी लॉरी घेऊन घाटकोपरला आलो. चाळीसमोर इंजिन बंद केलं. गॅलरीत सेक्रेटरी उभे होते, शेजारी वडील, आणखी चार-पाच जण. वाटेत सगळं ठरवून आलो होतो, पहिलं वाक्यसुद्धा ठरलं होतं.

सेक्रेटरींनी वरून विचारलं, "काय रे, पोचवलंस का आपल्या दोन बोटांना?"

सगळे हसले. वडीलही हसले. मी वर बघितलं आणि मान डोलावली.